शाळेचा सप्ताह आणि गावाची मूठ

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील खेडोपाडी ‘सप्ताह’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर प्रथम उभा राहतो तो अखंड हरिनाम सप्ताह. देवळापुढे मांडव पडतो, वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात राहतो, पारायणास बसणाऱ्यांची नावे आधीच ठरलेली असतात आणि सातव्या दिवशी काल्याच्या कीर्तनानंतर सारा गाव एका पंगतीस बसतो. चुलवणावर शिजणाऱ्या भातात कोणाच्या घरचा तांदूळ किती, हे कोणी विचारीत नाही. त्यामुळे २२ ते २८ जुलै २०२४ या काळात शाळाशाळांतून ‘शिक्षण सप्ताह’ साजरा होणार असल्याचे कळले, तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात या जुन्या सप्ताहाचीच आठवण जागी झाली असेल, तर त्यात नवल नाही. वस्तुतः ती आठवण फारशी चुकीचीही नव्हती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मान्यता दिली. त्याच्या चौथ्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने हा सप्ताह देशभर योजला होता. पहिला दिवस अध्ययन-अध्यापनाच्या साहित्याचा. मुलांनी व शिक्षकांनी पुठ्ठा, बिया, काड्या, चिंध्या यांतून शैक्षणिक साधने करावीत, अशी कल्पना. पुढे मूलभूत साक्षरता व संख्याज्ञान, क्रीडा, संस्कृती, कौशल्य व संगणकीय उपक्रम असे दिवस. शनिवारी पर्यावरण व शालेय पोषण, आणि अखेरीस रविवारी समुदाय सहभाग दिवस. या शेवटच्या दिवशी पालकांनी, ग्रामस्थांनी शाळेत यावे, जमेल त्याने मुलांना भोजन द्यावे, ज्यास जी विद्या अवगत असेल त्याने ती शिकवावी, असा संकेत होता. त्या आठवड्यात सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अखंड कोसळत होता, कृष्णा आणि वारणा फुगल्या होत्या. तरीही जेथे शाळा भरल्या तेथे फलक रंगले, रोपे लागली, पंगती बसल्या.

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी त्याच धोरणात आणखी एक तरतूद आहे. या तीन वर्षांच्या काळात दहा दिवस तरी मुलांनी दप्तर घरी ठेवावे आणि गावातील सुतार, माळी, कुंभार, कारागीर यांच्या हाताखाली काम शिकावे. तरतूद उत्तम आहे. परंतु परिपत्रके वाचणाऱ्यास असे वाटण्याचा संभव आहे, की मुलांच्या हाताला काम देणे आणि शाळेच्या अंगणात गाव आणणे ही कल्पना नव्याने सुचलेली आहे. ज्या मातीत हे परिपत्रक येऊन पोहोचले, त्या मातीत ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच रुजली होती. फरक एवढाच की नव्या सप्ताहात गावाचा दिवस सातवा आहे. जुन्या क्रमात तो पहिला होता. आधी गावाने धान्य दिले, मग शाळा उभी राहिली.

हा इतिहास ज्यांच्या नावाशी निगडित आहे, ते कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. घराणे ऐतवडे बुद्रुकचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुक्याचे. शेतकरी जैन कुटुंब. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास गेले आणि तेथील जैन बोर्डिंगमध्ये राहिले. समाजाने स्वतःच्या मुलांसाठी काढलेल्या अशा वसतिगृहांनी दक्षिण महाराष्ट्रातील शेतकरी जैनांच्या दोन-तीन पिढ्या शिकवल्या, हे ऋण विसरता येणार नाही. त्याचबरोबर त्या बोर्डिंगमध्ये घडलेला एक प्रसंगही विसरून चालणार नाही. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले होते. परत आल्यावर अंघोळ करून मगच आत यावे, असा आग्रह झाला. भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. जैन समाजाच्या स्मरणिकांतून भाऊरावांचा गौरव नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. पण हा प्रसंग त्यातून बहुधा वगळला जातो. तो वगळला तर पुढे साताऱ्यास त्यांनी काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस का बसली, याचे अर्धे उत्तर हरवते.

मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण पुरे झाले नाही. साताऱ्यास त्यांनी शिकवण्या केल्या, तेथे ते ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखले जात. पुढे ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव फिरले. विक्रेत्याची फिरती ही एक स्वतंत्र शाळाच असते. कोणत्या गावात पैसा आहे, कोठे नुसती उधारी आहे, कोणाच्या शब्दाला पंचक्रोशीत किंमत आहे, हे माल विकणाऱ्याला जितके कळते तितके मामलेदारालाही कळत नाही. भाऊरावांना आणखी एक गोष्ट कळली. चौथी झालेला मुलगा गुरांमागे जातो. कोणी चिकाटीने सातवीपर्यंत पोहोचून व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली, तर त्याला प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शकते. पण त्या चौथी आणि सातवीच्या मधल्या वर्षांतच खेड्यातील बहुतेक मुले गळतात. कारण पुढची शाळा मोठ्या गावी असते आणि तेथे राहण्या-जेवण्याची सोय नसते. म्हणजे अडचण बुद्धीची नव्हती. अडचण भाकरीची होती.

१९१० च्या सुमारास मिरज तालुक्यातील दुधगाव येथे काही सहकाऱ्यांसह विद्यार्थी आश्रमाचा प्रयोग झाला. त्यातून जे शिकावयाचे ते शिकून, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वेळी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. काले, नेर्ले अशा गावी वसतिगृहे निघाली. योगायोग असा, की त्याच्या आदल्याच वर्षी, १९१८ मध्ये, अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे विल्यम किलपॅट्रिक यांनी ‘प्रकल्प पद्धती’वरील आपला प्रसिद्ध निबंध छापला होता. मुलांनी मनापासून अंगावर घेतलेल्या, हेतुपूर्ण कामातून शिकावे, हा त्याचा आशय. अध्यापक विद्यालयांतून हा निबंध पुढे वर्षानुवर्षे शिकवला गेला. कालेच्या मंडळींनी तो वाचला असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या मुलांपुढे प्रकल्प एकच होता. तो म्हणजे आज रात्री जेवण कसे शिजेल.

या प्रकल्पाचे भांडवल म्हणजे मुष्टिफंड. घरच्या गृहिणीने दळणास बसण्यापूर्वी मूठभर धान्य बाजूच्या मडक्यात टाकायचे आणि साठलेले धान्य वसतिगृहाकडे जायचे, अशी ही साधी रीत. ढोबळ हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एका मुठीत छटाकभर ज्वारी धरली तर शंभर उंबऱ्यांच्या गावात दररोज सव्वासहा शेर धान्य जमते, म्हणजे दहा-बारा मुलांच्या दोन वेळच्या भाकरीची सोय होते. देणाऱ्या घराला ते जाणवतही नाही. मोठ्या देणगीदाराची वाट पाहावी लागत नाही आणि तो रुसला तर संस्था बंद पडण्याची भीतीही उरत नाही. व्यापारात ज्याला फिरते भांडवल म्हणतात तसेच हे होते, फक्त त्यावर व्याज नव्हते. शिवाय ज्या बाईने मूठ टाकली, ती जाता-येता ‘पोरं कशी शिकत्यात’ म्हणून विचारणार, हे ओघानेच आले. समुदायाचा सहभाग हा शब्द तेव्हा कोणी वापरला नाही.

१९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतील या बोर्डिंगमध्ये मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी अशी सर्व थरांतील मुले एकत्र राहत. स्वयंपाकाची पाळी, पाणी भरण्याची पाळी, झाडलोट, लाकूडफाटा, बागेतील आणि शेतातील काम, सारे मुलेच करीत. पाळीच्या यादीत जात पाहिली जात नसे. आज हे वाक्य सहज लिहिता येते. शंभर वर्षांपूर्वी एका विशिष्ट घरातील मुलाने थापलेली भाकरी दुसऱ्या घरातील मुलाने खाणे म्हणजे काय होते, हे ज्यांनी जुना काळ थोडा तरी पाहिला वा ऐकला आहे, त्यांनाच उमगेल. अस्पृश्यतेविरुद्ध शंभर भाषणे जे करू शकली नाहीत, ते पाळीच्या त्या यादीने केले.

या घराची माउली होत्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या कुंभोजच्या सुखवस्तू घरातील, सोवळ्या-ओवळ्याच्या कडक वळणात वाढलेल्या. निरनिराळ्या जातींच्या मुलांना एकाच चुलीवरचे वाढणे त्यांना आरंभी जड गेले. पण मुलांची भूक पाहता पाहता ते वळण गळून पडले. धान्य संपले तेव्हा एकेक करीत अंगावरचे दागिने विकले गेले आणि अखेरीस मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. व्याख्यानांतून मंगळसूत्राची ही हकिगत इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की ती ऐकताना आता डोळे ओले होतात पण हिशेब मनात येत नाही. हिशेब असा आहे, की मुष्टिफंड, देणग्या आणि मुलांचे श्रम ही सारी जमेची बाजू मिळवूनही खर्चाची बाजू भरून निघत नव्हती आणि ती तूट एका स्त्रीने आपल्या स्त्रीधनातून भरली. संस्थेच्या कोणत्याही ताळेबंदात ती रक्कम पूर्ण दिसणार नाही.

येथे एक सावधपणा बाळगला पाहिजे. त्या श्रमजीवनाचे चित्र रंगवताना ते गोड करण्याचा मोह होतो. मुले पहाटे उठून काम करीत, ती काही शिक्षणशास्त्राचा एखादा सिद्धान्त पटला म्हणून नव्हे. काम केले नाही तर शिक्षण नाही, एवढे सरळ ते होते. दमलेल्या मुलाच्या डोळ्यांवर कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचताना झापड येतच असणार. श्रीमंताच्या मुलाला जे विनासायास मिळत होते, ते या मुलांना कुदळीने खणून काढावे लागले. भाऊरावांचे मोठेपण गरिबीची भलावण करण्यात नव्हते. त्या गरिबीतून जो एकच मार्ग उपलब्ध होता त्यावरून चालताना मुलांची मान खाली जाणार नाही, याची काळजी त्यांनी घेतली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य त्याच अर्थाने वाचायला हवे.

पुढचा विस्तार सर्वज्ञात आहे. १९३५ मध्ये साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले आणि खेड्यातून आलेली मुले शिक्षक होऊन पुन्हा खेड्यात जाऊ लागली. डोंगरकपारीच्या गावांतून व्हॉलंटरी शाळा शेकड्यांनी उघडल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. ‘कमवा व शिका’ ही योजना तेथे महाविद्यालयाच्या पायरीपर्यंत पोहोचली. १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. भाऊरावांच्या काही वक्तव्यांचा सरकारला राग आला होता. अनुदानावर चालणारी दुसरी एखादी संस्था अशा वेळी कुलूप लावून मोकळी झाली असती. येथे गावोगावची मूठ पुन्हा उघडली आणि अनुदान पूर्ववत होईपर्यंत शाळा चालत राहिल्या. सरकारी पैसा हा उधारीसारखा असतो, घ्यावा, पण त्यावर दुकान उभारू नये, हे धोरण त्या दिवसांत कामी आले.

सारा इतिहास एकट्या रयत संस्थेचाच, असेही नाही. आजच्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेल्या औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळेतील मुलांना सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. क्रीडादिनाची गरज तेथे भासली नसावी. त्याच संस्थानात, कुंडलच्या माळावर, १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला आणि शेतकऱ्यांच्या पोरांच्या हाती साचा आणि भट्टी आली. भाऊरावांनी विकलेले नांगर तेथलेच. कौशल्य शिक्षणाची ही उदाहरणे घरच्याच अंगणातील आहेत.

मग एवढे सारे असूनही पुढे काय झाले? ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची योजना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिला आकार दिला. मुंबई इलाख्यात मूलोद्योग शिक्षण आले. कितीतरी प्राथमिक शाळांची नावे ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ झाली, आणि मुलांच्या हाती टकळी आली. कापडाशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हे ठाऊक आहे, की सूत कातणे ही एकटी क्रिया नव्हे. पेळू चांगला हवा, पीळ सारखा हवा, आणि मुख्य म्हणजे निघालेले सूत घेणारा मागवाला हवा. जेथे हा दुवा जुळला तेथे मुलाला आपल्या सुताचे कापड दिसले. जेथे तो जुळला नाही, तेथे लडी कपाटात राहिल्या आणि तास मात्र वेळापत्रकात राहिला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे लांबलचक नाव दिले. नाव जसजसे लांबत गेले तसतसे काम आखूड होत गेले, असे म्हटल्यास राग मानू नये. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाजारातून थर्माकोलचे घर आणि मण्यांचे तोरण विकत आणून त्यावर मुलाचे नाव चिकटवण्याची प्रथा कोणत्या शाळेस अपरिचित आहे? अशा वस्तू विकणाऱ्या दुकानदाराला दोष देता येत नाही. मागणी असते तेथे पुरवठा होतो.

तरीही धागा अगदी तुटला नाही. रयतच्या शाळांतून दरवर्षी २२ सप्टेंबरच्या आगेमागे कर्मवीर जयंतीचे कार्यक्रम होतात. मिरवणूक निघते, वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात, परिसराची सफाई होते, संस्थेसाठी यथाशक्ती निधी जमतो. कधीकधी हेच दिवस दशलक्षण पर्वाच्या जवळपास येतात आणि ऐतवडे-कुंभोजकडच्या जैन घरांत एकाच आठवड्यात संयमाचे व्रत आणि श्रमाची आठवण शेजारी शेजारी येऊन बसतात. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, तेव्हा कोरेगाव तालुक्यातील गावे पंचेचाळीस दिवस चर खणीत होती. त्या कामात शाळकरी पोरे मोठ्यांच्या बरोबरीने घमेली उचलताना दिसत. त्या तालुक्यातील वेळू गावास त्या वर्षी पहिले पारितोषिक मिळाले. वेळूच्या शिवारातले ते चर गुणांसाठी खणलेले नव्हते. पाऊस पडला की त्यात पाणी साठते की नाही, हे कोणाच्या अहवालाशिवाय कळत होते.

जुलै २०२४ च्या सप्ताहात रविवारच्या पंगतीला आलेल्या पालकांना कदाचित पाच वर्षांपूर्वीचा आणखी एक आठवडा आठवला असेल. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. वाळवा, पलूस, मिरज, शिराळा तालुक्यांतील गावेच्या गावे पाण्याने वेढली गेली. ज्या शाळा उंचावर होत्या त्या पूरग्रस्तांची निवासस्थाने झाल्या. वर्गातील बाके एकावर एक रचून भिंतीला लावली गेली आणि जमिनीवर अंथरुणे पडली. पाण्याबाहेरच्या गावांतून, जिल्ह्याबाहेरूनही भाकरी, चटणी, कपडे, औषधे येत राहिली. सामाजिक संस्था आणि व्यापारी मंडळी आपापल्या परीने धावून आली. भाकरी कोणाच्या घरची, हे त्या वेळीही कोणी विचारले नाही. पाणी ओसरल्यावर वर्गांतील गाळ काढला गेला, भिंती धुतल्या गेल्या, भिजलेली हजेरीपुस्तके उन्हात वाळत घातली गेली, आणि मग शाळा भरली.